दहा पावलं

सेलूच्या बंद जिनिंगची मागची भिंत,
चुना उडालेली, बारा हात उंच.
आत कापूस यायचा थांबला तरी
भिंतीला सांजच्याला काम असायचं.

गौस मिस्त्री गाडी तिच्यासमोर आणायचे
आणि भिंतीपासून दहा पावलं मोजायचे.
त्यांची पावलं, माझी नाही.
माझी तेव्हा आखूड होती,
माझ्या मापानं सगळ्या गाड्या
आपल्याच नाकापुढं बघत बसल्या असत्या.

मग खडू.
बल्बच्या उंचीला एक आडवी रेघ,
तिच्याखाली दोन बोटं सोडून दुसरी.
उजेडाची कड त्या दुसरीवर टेकली पाहिजे.
स्क्रू पाव आटा. अजून पाव. हां. जास्त झालं, माघार.
"समोरनं येणारा बी घरीच निघालाय,"
असं म्हणून बिडी पेटवायचे.

बल्ब बदलायचा तर आधी हात साबणानं धुवायचे,
धुतलेल्या फडक्यात धरायचा.
काचेला बोट लागलं की
बोटाचं तेल तापतं, काच तडकते.
मी एकदा लावलं.
आठव्या दिवशी जिंतूरचा जीपवाला
एका डोळ्यानं परत आला.
मिस्त्रींनी नवा बल्ब घातला, पैसे घेतले नाहीत,
माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.
कानफटात बसली असती तर बरं झालं असतं.

मानवतच्या अनुसया डोईफोडे
पहाटे तीनला अंड्यांचा टेम्पो काढतात.
त्यांच्या दिव्यांच्या काचा शिळ्या चहासारख्या झालेल्या.
हजारचा पॉलिश पेपर, मग दोन हजारचा,
वरून टूथपेस्ट, पाणी मारत तासभर घासलं.
म्हटलं, ताई, एलईडी टाकतो,
पार गोदावरीपर्यंत दिसंल.
"गोदावरी काय पळून चाललीय का?
मला खड्डा दिसला की बास.
आन् बैलगाडी.
तिला मागून दिवा नसतो."

गेल्या चैत्रात भिंतीवर जेसीबी आला, रात्रीचा.
जागेचं प्लॉटिंग झालं होतं.
त्याचा डावा दिवा आभाळात,
उजवा स्वतःच्याच चाकावर.
मला राहवलं नाही.
ड्रायव्हर पोरगं होतं, बिहारकडचं,
त्याला म्हटलं, भाऊ, जरा थांब,
दहा पावलं मागं घे.
खडू खिशात होताच.
पाव आटा, अजून पाव.
दोन्ही कडा रेघेवर बसल्या
तेव्हा भिंतीवरचे जुने खडूही दिसले,
एकावर एक, कुठल्या कुठल्या गाड्यांचे.
पोरगं म्हणालं, आता नीट दिसतंय.
आणि त्यानं दांडा ओढला.

मिस्त्री मंठ्याला लेकीकडं असतात.
फोनवर सांगितलं, भिंत गेली.
पलीकडं बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाले, "बल्ब कोणते घालतोस हल्ली?"

आता दुकानासमोर तार बांधलीय,
तिच्यावर बायकोची जुनी पांढरी चादर.
रेघ खडूची टिकत नाही, म्हणून दोऱ्यानं टाचून घेतली.
दहा पावलं, आता माझीच.
गाडी लावतो, दिवे पेटवतो.
चादर हलते, तिच्याबरोबर उजेडाची कडही हलते.
स्क्रूड्रायव्हर हातात धरून
मी वारा पडायची वाट बघतो.