बसून बघा

कमतेंच्या दुकानात मी तीन वेळा गेले
आणि तिन्ही वेळा चहा घेतला,
हे आधीच सांगून टाकते.

गळतग्याची सव्वानऊची बस
आठवड्यातून दोनदा यायचीच नाही.
आली तर कंडक्टर कन्नडमध्ये ओरडायचा, मी मराठीत,
आणि बस दोघांचंही न ऐकता निघून जायची.
सत्तेचाळिसाव्या वर्षी स्कूटर शिकले,
पुतण्याच्या मागे लागून,
तंबाखूच्या वखारीमागच्या मोकळ्या जागेत,
शिंकत शिंकत.

किंमत विचारली की इराप्पा कमतेंना
ऐकूच यायचं नाही.
"रेट ऱ्हाऊंदे ओ बाई. आधी बसून बघा की."
बसले. पहिलीवर नुसते चवडे टेकले.
दुसरीवर एक पाय खाली, एक हवेत.
तिसरीवर दोन्ही टाचा जमिनीवर,
अख्ख्या,
फळ्यापुढं उभी असते तशा.
ते उकिडवे बसून माझ्या चपला बघत होते.
"हीच तुमची," म्हणाले. "सिग्नलला पडणार न्हाईसा."
निपाणीत सिग्नल असून असून किती,
पण मी मान डोलावली.

मग कागद. टॅक्स, विमा,
साडीगार्ड, पायातली मॅट,
न मागितलेला मोबाईल होल्डर,
आणि हँडलिंग अडतीसशे.
हँडलिंग म्हणजे काय?
"म्हणजे... हाताळणी."
निळा रंग आठ दिवसांत येतो म्हणाले.
आठ दिवस हा त्यांचा एक वेगळाच महिना होता.

रात्री भांडी आवरून फोन घेतला.
तिथं कुणी बसा म्हणालं नाही.
पिनकोड घातला, राज्य आपोआप आलं.
ज्या एका शब्दापायी वडिलांनी मोर्चात दोनदा काठी खाल्ली
तो करड्या बारीक अक्षरात,
दाबला तरी न बदलणारा.
भाषा तीन होत्या. माझी त्यांत नव्हती.
आसनाची उंची सातशे चाळीस मिलीमीटर.
हा आकडा माझ्या टाचांना
संध्याकाळपासून पाठ होता.
सात हजार दोनशे वाचत होते.
निळा होता.
मी दाबलं.

अकराव्या दिवशी दारात टेम्पो.
ड्रायव्हर होसूरकडचा, त्याला माझं येईना, मला त्याचं.
त्याच्या फोनवर बोटानं सही केली,
ती माझ्या सहीसारखी आली नाही.
नारळ शेजाऱ्यांनी फोडला, तिसऱ्या फटक्याला.
लिंबू मीच ठेवलं, मीच चिरडलं.
किती वाचले, पुतण्यानं विचारलं,
आणि सांगताना का कोण जाणे
माझा आवाज खाली आला.

नंतर पाच महिने मी मागच्या गल्लीनं जायचे,
दीड किलोमीटर जास्त,
कमतेंचं दुकान चुकवून.
ते पेट्रोल मी हिशेबात धरलेलं नाही.

मार्चमध्ये, दहावीच्या पेपरच्या सकाळी,
गाडी बंद पडली ती नेमकी स्टँडसमोर.
कंपनीचा नंबर लावला. कन्नडसाठी एक दाबा,
हिंदीसाठी दोन, मग नुसती बासरी.
साडेआठ वाजले. ढकलत नेली.
नेण्यासारखी दुसरी जागा नव्हती.

कमते दारातच होते.
माझ्याकडं नाही, निळ्या रंगाकडं बघत.
"दस्तगीर, बाईंची आधी बघ.
पेपरला जाऊलाल्यात त्या."
चहा नको म्हणाले. आला.
दस्तगीरनं प्लग काढला, फुंकला,
बनियनला पुसला, लावला.
"पन्नास द्या."
शंभरची नोट दिली तर सुट्टे शोधून परत केले.
आणि मी किक मारत असताना
वहीत काहीतरी लिहीत, वर न बघता,
"टाचा टेकत्यात न्हवं?"

टेकतात, म्हटलं.

पुढच्या चौकात, रस्ता मोकळा असताना,
पेपरला उशीर होत असताना,
उगाचच थांबले
आणि दोन्ही पाय खाली ठेवून बघितले.