पायरहाट

आमच्या किल्ल्याची वाट सरळ येत नाही.
वळणावर तट राहतो उजव्या अंगाला
आणि ढाल तर डाव्या हातात;
येणाऱ्याची उजवी कूस उघडी पडते, जंग्यांच्या समोर.
किल्लेदार बुर्कहार्ट पाहुण्यांना हे हौसेने दाखवतो.
खंदक दाखवतो, दाराच्या कमानीतली भोकं दाखवतो.
विहीर दाखवत नाही.

विहिरीवर मी. कुनिगुंडे.
लाकडी चाकाच्या पोटात चालते, खारीसारखी.
एक बादली वर यायला सातशे बारा पावलं.
बाप चालायचा तेव्हाही सातशे बाराच.
जन्मभर चाललो आम्ही दोघं
आणि या खोलीच्या बाहेर पोचलो नाही.

द्राक्षं पिकताना वेढा पडला.
खाली वेरा नदीच्या काठाने तंबू, घोडे, धूर.
पहिला गोळा भटारखान्यावर पडला.
सगळे तट किती खचला ते मोजत होते.
मी मोजलं: सातशे पंधरा.
पुढच्या रविवारी, सातशे एकवीस.

बुर्कहार्टने विचारलं, पाणी आहे ना?
आहे, म्हटलं.
किती, ते त्याने विचारलं नाही,
आणि मीही.

मग त्याला युक्ती सुचली.
तटावर ओल्या चादरी वाळत घाला, ठिबकू द्या,
म्हणजे खालच्यांच्या तोंडचं पाणी पळेल.
शिबंदीच्या ओठांना भेगा
आणि चार बादल्या चादरी प्यायल्या.
त्या रात्री माझ्या पोटऱ्यांत गोळे आले.

सातशे चाळिसाव्या पावलाला जे वर आलं
त्याला घोड्यांचा वास होता.
तेव्हा कळलं, खणणाऱ्यांनी कुठवर खणलं होतं ते.
हेच पाणी तेही पीत होते.
नदी आटत होती, पात्रात आत आत जावं लागत होतं त्यांना;
तिकडेही कुणीतरी मोजत असणार
रिकामी घागर घेऊन,
माझ्यासारखंच, कुणाला न सांगता.

तह झाला. शिक्के दोन्ही बाजूंचे,
मजकूर तहानेचा.

दार उघडलं तशी मी उतरले नदीकडे.
पायाखालची जमीन फिरत नव्हती,
मागचं मागे राहत होतं,
याची सवय नव्हती मला.
सातशे बाराला पाय आपोआप थांबले
आणि हात पुढे झाला, बादली धरायला.

नदी अजून बरीच खाली होती.