एका बाजूची काच

मोतीबिंदू म्हणतात.
दोन्ही डोळ्यांतले काढले, चार आठवड्यांच्या अंतराने,
पण मोती काही कुणी माझ्या हातावर ठेवला नाही.
ठेवला असता, तर चष्म्याचे पैसे सुटले असते.

पहिल्या डोळ्यानंतर शेजारच्या ड्वेनच्या मुलीने
नुसत्या अंगठ्याने
जुन्या चष्म्याची उजवी काच ढकलून काढली.
"दुसरा डोळा होईपर्यंत चालवा. फुकट आहे."
महिनाभर तसाच हिंडलो डुलुथच्या चढउतारांवर,
एक खिडकी लावलेली, एक सताड उघडी.
जिन्याची प्रत्येक पायरी दोन मापांची.
चर्चमध्ये पोरं टक लावून बघायची,
तेव्हा रिकाम्या चौकटीतून बोट बाहेर काढून
मी ते त्यांच्याकडे बघून हलवायचो.

मग दुसरा डोळा.
मग थेंब, दिवसातून चार वेळा, आणि वाट बघणं,
नंबर बसेपर्यंत.
दूरचं मात्र लगेच आलं:
सरोवरावरच्या बोटींची नावं,
पुलाचे रिव्हेट, ड्वेनच्या छपराची गळती.
दूरचं सगळं फुकटात.
जवळचं तेवढं विकत घ्यायचं.

औषधांच्या दुकानातला तयार चष्मा घेतला, अकरा डॉलरचा.
माझ्या दोन डोळ्यांचं आपसात जमत नाही,
डोकं ठणकायला लागलं वर्तमानपत्राच्या दुसऱ्या पानावर.
टेकडीवरच्या मोठ्या दुकानात गेलो.
मुलगा भला होता, टाय वगैरे लावलेला.
ओरखडे न पडणारा लेप. चकाकी न मारणारा लेप.
निळा प्रकाश अडवणारा लेप.
म्हटलं, बाबा रे, निळा असू दे,
आत्ता तर कुठे परत आलाय.
एकूण चारशे बारा.
एकेचाळीस वर्षं मी धक्क्यावर खनिज मोजलंय, टनांनी.
आकडा ऐकून मला घाम फुटत नाही.
उठलो, टोपी घातली, आलो.

मार्लिसचं दुकान चपला शिवणाऱ्याच्या मागे, तळघरात.
तिथे पाटी नाही, हीटर आहे.
"फ्रेम घरून आणा," ती म्हणाली,
"काचा मी कापते. अडतीस, जोडीचे."

माझी फ्रेम त्या रिकाम्या बाजूने वाकली होती.
म्हणून हेल्मीचा खण उघडला.
गेली त्याला तीन हिवाळे झाले,
आणि खणात अजून पेपरमिंटचा वास, रबरबँड,
आणि तिचा तपकिरी चष्मा,
डाव्या काडीला मासेमारीच्या दोऱ्याचे वेढे.
वेढे माझेच. गाठही माझीच, ढोबळ.
"बायकी दिसेल का?" मी विचारलं.
मार्लिस काच घासत होती. मान वर न करता म्हणाली,
"ब्याऐंशी ना तुम्ही?"

पुढच्या गुरुवारी चष्मा घालून
स्वयंपाकघरात उभा राहिलो.
पडदे निळे आहेत.
आठ वर्षं मी हिरवट म्हणत आलो,
आठ वर्षं ती निळे म्हणत आली,
शेवटी शेवटी तिने म्हणायचं सोडलं होतं,
नुसती धुवायची, वाळवायची, परत लावायची.
मी खुर्ची ओढून बसलो थोडा वेळ.

मग फ्रीजर उघडला.
तिच्या हातच्या शेवटच्या पाच-सहा डब्या उरल्यात,
मी आजवर अंदाजाने काढून खात होतो,
कधी ब्लूबेरी निघायची, कधी वाटाणे.
आता झाकणावरचं अक्षर नाकासमोर धरलं.
तिच्या माहेरच्या फिनिशमध्ये, पेन्सिलीने,
बारीक, ओळ सरळ:
"रुबार्ब. साखर निम्मी.
आर्विदला सांगू नये."

तीन वर्षं मी साऱ्या गल्लीला सांगत होतो
की फ्रीजरमध्ये राहून
रुबार्ब आंबट होत जातं.