कशासंगं

मानवतच्या मोंढ्यामागं, सरकीच्या तेलाच्या वासात
आमची लॅब : एक पंखा, एक फ्रीज, दहा बाय बारा.
मी नाव विचारतो, वय विचारतो, बाही वर करायला लावतो.
बाकीचं रक्त सांगतं.

उपाशीपोटी आलोय, असं शपथेवर म्हणणाऱ्याची नळी
थोडा वेळ उभी ठेवली की वरचा थर दुधाळ होतो,
आणि पहाटेच्या पुरी-बासुंदीची पंगत
माझ्या स्टँडवर येऊन बसते.
मी काही बोलत नाही. परत उद्या या, म्हणतो.

चाटे गुरुजी एकदा दार ढकलून आले, चेहरा पांढरा.
लघवीतून रक्त जातंय म्हणाले,
शेत कुणाच्या नावावर करायचं तेही वाटेत ठरवलेलं.
रात्री काय जेवलात?
सुनबाईनं ते बीट किसलं होतं... दोनदा घेतलं.
मग इतके हसले, इतके हसले
की नमुन्याची बाटली मागून घेतली.

मुस्तकीमचं पोरगं जिमला जातं.
पावडरचा डबा सोबत घेऊन आलं,
डब्यावर दंड फुगवलेला कुणी परदेशी बाप्या.
क्रिएटिनिन जरासं वर होतं.
डॉक्टर म्हणाले, पावडर कमी कर, पाणी वाढव.
ते म्हणालं, टँकर गुरुवारी येतो.

पण मला सांगायचं होतं द्वारका कुऱ्हाडेचं.

जिनिंगमध्ये कापूस लोटते.
पापण्यांवर तंतू, केसांत तंतू,
चाळिशीची बाई वाटते साठीची.
सुई शिरली तर रक्त आलं उन्हाळ्यातल्या दुधनेवानी,
पात्र मोठं न् धार बारीक.
सात पॉइंट एक.
आशाताईनं गोळ्या दिल्या, लाल, लोहाच्या.

तीन महिन्यांनी : सात पॉइंट तीन.

गोळ्या खाता ना?
‘खाते की. परसाकडं काळी होते, खोटं कशाला बोलू?’
कशासंगं खाता?
‘चहासंगं. नुसती घेतली तर खिळा चाटल्यावानी लागतंय.’

मी समजावलं जसं मला येतं तसं :
चहा लोहाचा हात धरतो आतड्याच्या उंबऱ्यावर,
गप्पांत गुंतवतो, आत जाऊ देत नाही.
लोह आल्या वाटेनं निघून जातं, काळं होऊन.
गोळीच्या मागं-पुढं तास-दोन तास चहा नको.
लिंबू चालेल. लिंबू दार उघडतं.

ती ऐकत होती. मग म्हणाली,
‘भाऊ, चहापुरतीच बसते मी.
दिसातून एकदा. गठाणीला पाठ टेकून.
गोळी बी तवाच आठवती, पदराला बांधलेली.
बाकी येळ हात कुठं मोकळे?’

रिपोर्टात रकाने आहेत बारा.
नाव, वय, पेशी, प्लेटलेट.
पाठ टेकण्याला रकाना नाही.
मी पेन धरून तसाच बसलो जरा वेळ.
नॉर्मल रेंज काय लिहावी,
दिवसाला किती मिनिटं?

दिवाळी होऊन गेली, ज्वारी पोटऱ्यात आली,
तेव्हा ती परत आली, न बोलावता.
नऊ पॉइंट चार.

मी मशीन पुन्हा लावलं. नऊ पॉइंट चारच.
‘रातच्याला घेते,’ म्हणाली, ‘समदे निजल्यावर.
अंबाडीची भाजी असली तर भाजी,
नाई तर अर्धं लिंबू पाण्यात.
लाइट लावत नाई. वासावरनं कळती गोळी.’
आणि चहा?
‘त्यो तिथंच हाय.
त्याला नाई हलवलं.’

तेवढ्यात पोऱ्या आला, माझा हाफ घेऊन.
मी म्हणालो, अजून एक आण.
ती बाकावर मागं सरकली, भिंतीला टेकली,
कोपर दुमडून, आत बोळा दाबून.
बोळ्याचा एक तंतू उडाला
आणि तिच्या केसांतल्या तंतूंत जाऊन बसला.
त्यातला माझ्या डब्यातला कोणता, जिनिंगचा कोणता,
मला ओळखू आलं नाही.