हातचा एक

दर सोमवारी माझ्या टेबलावर गल्ल्याचे आकडे येतात,
त्बिलिसीत, तिसऱ्या मजल्यावर,
जिथे हीटरची ऊब एकाच पायाला लागते.
मोठ्या चित्रपटांचे आकडे शून्यांनी गच्च,
त्यांना मी चहा पिता पिता बेरजेत ढकलते.
पानाच्या अगदी तळाशी,
टाचणीने कागद फाटतो तिथे,
‘दुपारची केबिन’.

चार थिएटरांत लागला. पुढच्या आठवड्यात दोन.
तिसऱ्यात फक्त कुताइसी, रात्री सव्वानऊचा खेळ.
बाद्रीने त्यापायी सासऱ्याची द्राक्षबाग गहाण टाकली.
मला ठाऊक, कारण व्याजही माझ्याच चोपडीतून जातं.
तो फोन करतो, “एतेरी, किती?”
मी सांगते.
“वा,” म्हणतो,
घरातल्या आजाऱ्याचा ताप अर्ध्या डिग्रीने उतरावा तसा.

नियम असा: पाचांहून कमी प्रेक्षक, तर खेळ रद्द.
आणि कुताइसीचा कागद म्हणतो
मंगळवार पाच. बुधवार पाच. गुरुवार पाच.
शुक्रवारी अकरा, त्या रात्री फुटबॉलचा सामना पुढे ढकलला होता.
शनिवार पाच. रविवार पाच.

वीस वर्षं आकड्यांत गेली माझी.
खरी माणसं अशी ओळीने पाच-पाच येत नाहीत.
खरी माणसं तीन येतात, नऊ येतात,
एखादा येतो आणि चुकून दुसऱ्याच पडद्यासमोर बसतो.

खिडकीवर त्सियाला असते.
मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.
फक्त शेवटचं तिकीट रोज सगळ्यात उशिरा फाटलेलं,
आसन कायम तेच, दाराजवळचं,
जिथून पडदा निम्माच दिसतो.
शाळेत बाई ओरडायच्या, हातचा विसरू नका!
उत्तरात तो कुठेच दिसत नाही,
पण तो सुटला की सगळंच चुकतं.

शेवटच्या गुरुवारी मिनीबस पकडून मी स्वतः गेले.
ड्यूटीच्या बुटांतली एक नर्स,
कॉलेजचा एक पोरगा, ओला मफलर,
रोपवेवर तीस वर्षं काढलेला एक म्हातारा,
आणि मी.
त्सियालाने पर्स उघडली, आत पाहिलं, मिटली.
महिनाअखेर होती.

मी अजून एक घेऊ शकले असते.
सात लारी फक्त. हात खिशापर्यंत गेलाही.
पण एका माणसाच्या दोन नोंदी?
बोटांनी वीस वर्षांचं ऐकलं, माझं नाही.

पैसे परत मिळाले. दिवे गेले.
पायऱ्यांवर आम्ही उगाच रेंगाळलो,
तर म्हातारा म्हणाला, “मी तीनदा पाहिलाय.”
आणि टोपी हातात घेऊन त्याने ती केबिन
दरीवरून हळूहळू आणली,
मध्येच थांबवली,
वारा केला तोंडाने.
आतली बाई काय म्हणते, ते सांगताना अडकला,
पुन्हा मागून सुरुवात केली.
नर्सचा धूर काढायचा राहून गेला.
त्सियाला शटर ओढून आली
आणि दाराजवळच उभी राहिली,
तिथून तो निम्माच दिसत होता.

सोमवारी कागद आला. गुरुवार: शून्य.
मी तेच उतरवलं, शाई वाळू दिली.
फोन वाजला.
“किती?”
मी जरा वेळ घेतला.
“हातचा धरून सांगू,” विचारलं,
“की न धरता?”