क्यारेज नसलेली सायकल

पत्र्याचा साचा पुण्याहून आला होता.
रात्री साडेअकराला, गाड्या कमी झाल्यावर,
मी तो जालन्याच्या एमआयडीसी रोडवर ठेवला,
वरून पांढरा रंग मारला.
उचलला, तर सायकल.
वाकड्या हँडलची, बारीक चाकांची,
ना मडगार्ड, ना स्टँड,
ना क्यारेज.

सत्तावीस काढल्या त्या रात्री.

डोईफोडे साहेब म्हणाले, पट्टा सरळ येऊ द्या.
मुनीर म्हणाला, आन् मपला रसाचा गाडा?
बारा वर्षं झाली, इथंच घुंगरू वाजतंय.
मी म्हणालो, मी फक्त रंग मारतो.
हे तेवढं खरं नव्हतं.

रस्ता आहेच केवढा?
भंगाराचे ट्रक, सळयांचे ट्रेलर,
मागं लोंबणाऱ्या टोकांना लाल चिंधी.
त्यातून चार हात कापून द्यायचे कुणाला,
असं पानटपरीवर विचारतात.
सायकल आता चालवतंय कोण?

वाहनांची मोजणी सकाळी अकराला झाली,
खुर्ची टाकून, सावलीत.
तेव्हा ती माणसं झोपलेली असतात.

सहाला रात्रपाळी सुटते.
भट्टीपुढून उठलेली माणसं
डोळ्यांत लाल घेऊन निघतात.
दिवा नाही, घंटी नाही,
ब्रेक म्हणजे चपलेचा तळवा.
इलाहीच्या दांडीवर भावाचं पोरगं.
समोरून गयाबाई, कॅन्टीनची,
क्यारेजला पिठाचा डबा, जुन्या ट्यूबनं आवळलेला.
ट्रेलर आला की सगळी
काही न बोलता बाभळीत उतरतात,
तो गेला की परत चढतात.

पट्ट्यानं ट्रेलर थांबत नाही, मलाही कळतं.
रंग म्हणजे काही भिंत नव्हे.
तिसऱ्या दिवशी त्यावर दोन बोलेरो उभ्या,
आणि मुनीरचा गाडा, अर्धा आत अर्धा बाहेर,
शरमल्यासारखा.

गयाबाई उतरली.
रस्त्यावरची सायकल पायानं चाचपली.
म्हणाली, पेंटर, ही कुणाची रं?
हिच्यावर डबा कुठं ठेवायचा?

त्या रात्री साचा नेला नाही.
एक इंची ब्रश, उरलेला रंग.
गुडघ्यांवर सरकत सरकत
एकेकीला क्यारेज काढलं.
काहींवर डबा. एकीच्या दांडीवर पोरगं,
ते नीट जमलं नाही, मांजरासारखं दिसतं.

बिलात हे लावलेलं नाही.
डोईफोडे साहेबांनी पाहिलं असंल, नसंल.

दोन राहिल्यात, बोलेरोखाली.
हलल्या की काढीन.