उधाणाचं पाणी

पाऊस नव्हता. हे आधीच सांगते,
कारण घरी कुणाचा विश्वास बसला नाही.
वैशाखातली अमावस्या,
भर दुपारी उधाण आलं
आणि बांधाच्या मोडक्या उघाडीतून
खाडी मैदानात शिरली
तिकीट न काढता.

संध्याकाळी ओहोटीनं पाणी नेलं, चिखल ठेवला.
आयोजकांनी चिखलावर पेंढा टाकला,
पेंढ्यावर प्लायवूड,
प्लायवूडवर उलव्याची, नेरूळची, कुठकुठची पोरं.

मनगटाला केशरी पट्टी बांधताना
गेटवरच्या मुलानं विचारलं, "मॅडम, पहिल्यांदाच?"
इथे? म्हटलं, नाही रे.
त्याला गाण्यांविषयी विचारायचं होतं.

कस्तुरीची मैत्रीण आयत्या वेळी तापानं पडली,
दीड हजाराचं तिकीट वाया जाऊ नये म्हणून आत्या.
भाचीच्या पायात पांढरे बूट.
मी काही बोलले नाही.

स्टेजच्या डाव्या खांबापाशी, माझ्या अंदाजानं,
बापूस निवट्या धरायचा.
अंदाजच. सेक्टरला नंबर असतात,
चिखलाला नसतात.
बिळात खांद्यापर्यंत हात घालून डोळे मिटायचा,
आतून कुणी काही सांगतंय
आणि ते नीट ऐकायचंय, असा.

पहिली मंडळी नुसतीच ओरडली.
दुसऱ्या वेळी एक बारकी मुलगी
जाड तारांची गिटार घेऊन आली,
किती तरी वेळ खुंट्या पिळत बसली,
आणि मग पहिला सूर
कानाआधी माझ्या नडगीत आला.
चिखलातून आला.
मी चपला काढून हातात घेतल्या.

तेवढ्यात कस्तुरी रुतली. तिच्या शेजारचा तो उंच हर्षद, तोही.
जितकं ओढावं तितकं खोल,
आणि हसून हसून दोघं आणखी खाली.
"पाय हिसकू नको गो," मी ओरडले,
बापसाच्या आवाजात, माझा तो आवाज नव्हताच,
"पाय मागून घे.
आधी टाच सैल कर. बोटं वळव.
चिखलाला वाटू दे, तुला घाई नाही."

तिनं मागून घेतला.
हर्षदनं मागितला, त्यालाही मिळाला.
मग त्यांच्या मागची चौघं शिकली,
मग त्यांच्या मागची रांग,
टाच सैल, बोटं वळव, थांब, उचल,
आणि लांबच्यांना वाटलं हा नवा नाच आहे.
तेही करू लागले.
गिटारवाल्या मुलीनं माइकवर विचारलं,
"तिकडे डावीकडे काय चाललंय? भारी आहे!"
आणि ठेका आमच्या पायांइतका संथ केला.

दहाला पोलिसांनी आवाज बंद केला,
ओळीच्या मध्येच.
हजार माणसं गप्प झाली,
तेव्हा चिखल ऐकू आला,
बारीक बुडबुड, बिळाबिळांतून,
चुलीवरचा भात रटरटतो तशी.
कस्तुरी म्हणाली, "आत्या, हे काय?"
म्हटलं, इथले राहणारे.

सिक्युरिटीला सांगितलं, बारा-साडेबाराला पाणी परत येईल,
वायरी उचलून घ्या.
त्यानं मोबाइलवर हवामान पाहिलं.
"आकाश निरभ्र," म्हणाला.

रिक्षावाल्यानं सीटखाली जुनं वर्तमानपत्र अंथरलं,
वर धुण्याचे पन्नास मागितले.
रास्त होते, दिले.
लिफ्टमध्ये आमची पावलं उमटली,
पाच पायांची वाटावीत अशी.
सातव्या मजल्यावर पोर तशीच झोपली,
एका पायात बूट.
दुसरा त्यानं मागून घेतला होता.

तो एक बूट मी घासला. पांढरा काही झाला नाही.
माझ्या नखांत राखाडी रेघ राहिली,
ती राहू दिली.

साडेबाराला गॅलरीत उभी राहिले.
मैदान दिसत नाही, समोर टॉवर आहे,
त्यात अजून कुणी राहायला आलेलं नाही.
आता पेंढा तरंगत असेल,
प्लायवूड हलकं होऊन फिरत असेल,
आणि बिळाच्या तोंडाशी एखादी निवटी
डोळे वर काढून
पांढऱ्या बुटाकडे बघत असेल.

भाऊ सकाळी विचारेल, कसं झालं.
शेवटचं गाणं अर्धंच राहिलं, सांगेन.
ते कसं संपतं ते कस्तुरीला ठाऊक आहे,
पण ती झोपलीय.